आजचं चिंतन, गीता 12.13 : सर्वभूतांत मांजरंही आली आणि तिसऱ्या मजल्यावरचे काकाही



आज बाराव्या अध्यायातला तेरावा श्लोक. मागच्या खेपेला हा अध्याय वाचताना मी बाराव्या श्लोकावरून सरळ चौदाव्यावर गेलो होतो. एक-दोघांनी विचारलंही होतं, "दादा, तेरावा राहिला का?" राहिला नव्हता, मी टाळला होता. का, ते आज सांगतो.

इथून भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगायला लागतात. कोणत्याही भूताचा द्वेष न करणारा, सगळ्यांशी मैत्रीने वागणारा, करुणा असलेला, 'माझं माझं' नसलेला, अहंकार नसलेला, सुखदुःखात सारखा राहणारा, क्षमाशील. यातला क्रम बघा. द्वेष नसणं आधी आहे आणि करुणा नंतर. आपलं बहुतेक उलटं होतं. पिल्लाचा फोटो बघितला की करुणा लगेच येते, तिला काही कष्ट पडत नाहीत. द्वेष मात्र आत तसाच बसून असतो, फक्त त्याने बाजू बदललेली असते.

ज्ञानेश्वर माउलींनी या एका श्लोकापाशी किती रमून लिहिलंय! जमीन चांगल्या माणसाला आधार देते आणि वाईटाला झिडकारते, असं कधी होत नाही. प्राण राजाच्या देहात वावरतो आणि गरिबाच्या देहाला नाही म्हणतो, असंही नाही. आणि पाणी. गाय आली तर तिची तहान भागवायची आणि वाघ आला तर विष होऊन त्याला मारायचं, असं करणं पाण्याला ठाऊकच नाही. हा पाण्याचा दृष्टांत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आमच्या सोसायटीची गोष्ट. पुण्यात, कोथरूडला. तीन विंग, बहात्तर फ्लॅट. पाच वर्षांपूर्वी खाली चार-पाच मांजरं होती, मग दोन पावसाळ्यांत ती सतरा झाली. ज्यांच्याकडे हा प्रकार आहे त्यांना पुढचं सांगायला नको. जिन्यात बोक्यांच्या मुताचा वास, गाड्यांच्या सीट फाडलेल्या, कचऱ्याच्या पिशव्या लिफ्टपर्यंत ओढलेल्या, पहाटे तीनला पार्किंगमध्ये बोक्यांची युद्धं. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर एक काका आहेत. निवृत्त, दम्याचा त्रास, झोप आधीच कमी. ग्रुपवर सगळ्यात जास्त तक्रारी त्यांच्याच. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी मात्र रोज जिन्यातच वाटीभर दूध ठेवायच्या. या दोघांच्या मध्ये आमची कमिटी, आणि कमिटीत सगळ्यात तरुण मी.

ठरलं ते जुनंच. पोत्यात घालायचं आणि लांब सोडून यायचं. गावाकडे आपल्या सगळ्यांच्या घरी हे झालेलं आहे, त्यामुळे कुणाला त्यात काही वाटलं नाही. "तुझ्याकडे गाडी आहे, तू जा," एवढंच.

आषाढी होऊन आठवडा झाला होता. मी त्या वर्षी माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चाललो होतो, पायाचे फोड अजून पुरते वाळले नव्हते. वॉचमनदादांनी आणि मी मिळून तीन मांजरं धरली. त्यात एक तिरंगी मांजरी होती, पांढरी, काळी, तांबडी. मुळशीच्या रस्त्याला बरंच पुढे जाऊन सोडली. जाताना पोत्यातून इतका आवाज येत होता की मला सहन होईना, म्हणून मी गाडीत हरिपाठ लावला. मोठ्याने.

हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बी विंगच्या मीटररूममधून बारीक आवाज यायला लागला. आधी वाटलं वायरिंगचं काहीतरी आहे. रात्री अकराला दार उघडलं तर जुन्या बोर्डांच्या मागे, फडक्यात, तीन पिल्लं. डोळेही न उघडलेली. तिरंगीची.

मंडळी, श्रीवैष्णव परंपरेत रामानुजाचार्यांनंतर दोन पंथ झाले, वडकलै आणि तेन्कलै. त्यांच्यातला एक प्रसिद्ध वाद शरणागतीबद्दल आहे. वडकलै म्हणतात, भक्त माकडाच्या पिल्लासारखा असावा. आई उड्या मारते, पण पिल्लाने तिला घट्ट धरून ठेवायचं असतं, तेवढा प्रयत्न त्याचा. तेन्कलै म्हणतात, मांजराच्या पिल्लासारखा. ते काहीच करत नाही, नुसतं हाक मारतं. आई येते आणि मानेला तोंडात धरून हवं तिथे नेते. याला मार्जारकिशोर न्याय म्हणतात. रामकृष्ण परमहंसही हा दृष्टांत सांगत. मी त्याच वर्षी मार्च महिन्यात यावर चिंतन लिहिलं होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते आवडलं होतं. 'आपण फक्त हाक मारायची, माउली येते,' अशा धर्तीचं.

त्या रात्री मीटररूममध्ये तीन पिल्लं शास्त्राप्रमाणे हाक मारत होती आणि त्यांची माउली मी मुळशीच्या रस्त्याला सोडून आलो होतो.

मी ड्रॉपर आणला, गाईचं दूध कोमट केलं आणि एकाच्या तोंडात घालायला लागलो. तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे, ते गार पडलंय. गार पिल्लाला दूध पचत नाही. आधी ऊब दे." तिसऱ्या मजल्यावरचे काका. आवाजाने झोप लागेना म्हणून तक्रार करायला खाली आले होते. वर गेले आणि गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन आले. लहानपणी घरी गुरं होती म्हणाले, वासरू गारठलं की आधी शेकायचं आणि मग पाजायचं. पायरीवर पहाटे दोनपर्यंत बसले होते. मधूनमधून मला आणि कमिटीला शिव्या घालत होते.

पहाटेपर्यंत दोन पिल्लं गेली. तिसरं सकाळी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मांजराच्या पिल्लांसाठीची वेगळी दूधपावडर दिली, दर दोन-तीन तासांनी पाजायची. आई आणि मी आळीपाळीने उठत होतो. ते जगलं, आता ए विंगमधल्या एका ताईंच्या घरी आहे. मी मुळशीच्या रस्त्यालाही परत गेलो होतो, दोनदा. ती सापडली नाही.

मला तेव्हा हेही माहीत नव्हतं की 1960 सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जनावराला उपाशी मरेल अशा अवस्थेत विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे. आणि पोत्याचा उपाय व्यवहारातही चालत नाही. मांजर ज्या जागी राहतं ती जागा त्याला खाणं आणि आडोसा देत असते. ते हलवलं की रिकाम्या जागेत शेजारच्या गल्लीतलं येतं. आमच्याकडे तीन गेली आणि दिवाळीपर्यंत चार नवीन आली.

इथे गोष्ट संपली असती तर मी हा श्लोक टाळला नसता. पश्चात्तापाची गोष्ट सांगायला बरी वाटते. खरी अडचण पुढे आहे.

पश्चात्ताप झालेला माणूस फार धोकादायक असतो. मी मांजरांचा कैवारी झालो. सकाळ-संध्याकाळ खाणं घालायला लागलो, वाटेल तिथे, भरपूर. कुणी बोललं की ग्रुपवर श्लोक टाकायचो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना तर पर्सनलवर टाकायचो, अर्थासकट. ज्यांनी त्या रात्री गरम पाण्याची पिशवी आणली त्यांना! पण दिवसा ते परत तक्रार करत होते, मग माझ्या हिशेबात ते परत दुष्ट. माझी मांजरं, माझी सेवा, माझं प्रायश्चित्त. निर्मम आणि निरहंकार हे दोन शब्द याच श्लोकात करुणेला चिकटून आलेत, ते मी रोज वाचत होतो आणि रोज ओलांडून पुढे जात होतो.

आणि माझ्या त्या सेवेचं फळ काय? डॉक्टरांनी एकदा शांतपणे हिशेब सांगितला. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. साधारण नऊ आठवड्यांत विते. एका वेळी तीन-चार-पाच पिल्लं. पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. "तुम्ही नुसतं खायला घालताय," ते म्हणाले, "म्हणजे पुढच्या मीटररूमची तयारी करताय." मला राग आला. मग चार दिवसांनी पार्किंगमध्ये एका गाडीच्या बॉनेटमधून मेलेलं पिल्लू निघालं आणि राग गेला. इंजिनाची ऊब असते म्हणून ती आत जाऊन बसतात. गाडी सुरू करायच्या आधी बॉनेटवर दोनदा थाप मारा, एवढं तरी आजपासून कराच.

नामदेव महाराजांच्या पोळ्या कुत्र्याने पळवल्या आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. नाथ महाराजांनी रामेश्वरासाठी आणलेलं गंगेचं पाणी तहानेल्या गाढवाला पाजलं. या गोष्टी आपल्याला आवडतात, मलाही. पण मला हल्ली वाटतं, त्या आपण सोयीने ऐकतो. कुत्रा एकदा येतो, पोळी घेऊन जातो, कथा संपते. तो दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी आला, पाच पिल्लं घेऊन आला, शेजाऱ्याच्या ओट्यावर घाण करून गेला, तर? कीर्तनात ते येत नाही. आपल्या पार्किंगमध्ये मात्र तेच येतं.

मग आम्ही बसलो. जनरल मीटिंगमध्ये नाही, तिथे फक्त भांडण होतं. काकांच्या घरी, ते, आजी, चेअरमन काकू आणि मी. काकांनी सुरुवातीलाच सांगितलं, "मला मांजर आवडत नाही आणि आवडून घेणारही नाही. पण मला झोप पाहिजे."

मला शांतिपर्वातली गोष्ट आठवली. शरशय्येवरचे भीष्म युधिष्ठिराला सांगतात ती, लोमश मांजर आणि पलित उंदीर यांची. एका वडाखाली मांजर फासेपारध्याच्या जाळ्यात अडकलेलं असतं. उंदीर बाहेर, पण त्याच्यावर एकीकडून मुंगूस आणि वरून घुबड टपलेलं. उंदीर मांजराच्या कुशीत शिरतो. तू मला लपव, मी तुझं जाळं कुरतडतो. मुंगूस आणि घुबड निघून जातात. पण उंदीर सगळं जाळं लगेच तोडत नाही. पारधी अगदी जवळ आल्यावर शेवटचा दोर तोडतो, म्हणजे मांजराला पळण्याशिवाय वेळच राहू नये. नंतर मांजर गोड बोलून मैत्रीचं आमंत्रण देतं, तर उंदीर स्पष्ट नाही म्हणतो. काम झालं, आता तू तुझ्या जागी, मी माझ्या. इतका कोरडा समेट! पण दोघंही जगतात. आमच्या सोसायटीला प्रेमाची घाई करायची गरज नव्हती, असा कोरडा समेट चालणार होता.

2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत सोसायट्यांनी मोकाट प्राण्यांच्या खाण्याची जागा आणि वेळ आपसात ठरवावी, ती मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब असावी आणि खायला घालणाऱ्याने घाण होऊ देऊ नये, असं आहे. काकूंनी ते छापून आणलं होतं. त्यावरून ठरलं: जनरेटरच्या मागची जागा, संध्याकाळी साडेसात, अर्ध्या तासात भांडी उचलायची. जिन्यात काहीही नाही, दूधसुद्धा नाही. (मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना गाईचं दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि ते जुलाब बी विंगच्या जिन्यातच होतात. आजींना हे पटायला महिना लागला.) कुंपणाकडेच्या कोपऱ्यात वाळूचा एक वाफा, तो रोज साफ करायचा. कचऱ्याच्या डब्यांना झाकणं. आणि सगळ्या मांजरांची नसबंदी आणि त्याच वेळी रेबीजची लस. खर्च निम्मा सोसायटीचा, निम्मा आम्हा खायला घालणाऱ्यांचा. नसबंदी झाली की कानाचं टोक किंचित कापतात, म्हणजे तीच मांजर पुन्हा धरली जात नाही. ही नोंद कुणी ठेवायची? काका म्हणाले, मी ठेवतो. त्यांनी वही घातली. बँकेत होते आयुष्यभर, वही बघण्यासारखी आहे.

आता दोन प्रश्न, जे तुम्ही विचारणारच.

पहिला मलाच पडला होता. मी माळकरी. पिंजऱ्यात मांजर यायला आमिष लागतं, आणि दूधपोळीला सोसायटीतली मांजरं बधत नाहीत. बांगडा लागतो, निदान सुकट. माळ घातलेल्या माणसाने बांगडा विकत घ्यायचा? मी आठवडाभर अडून बसलो. शेवटी ज्यांच्याकडून माळ घेतली त्या महाराजांना फोन केला. ते म्हणाले, "माळ तू घातलीस ना? का मांजराला पण घातलीस?" आणि हसायला लागले. मग मला माउलींचं पाणी आठवलं. गाईला आणि वाघाला सारखंच भेटणारं. मांजराचा देहच मांसावर जगणारा आहे. मला माझं सोवळं सांभाळायला ते दूधपोळीवर राहायला हवं होतं, म्हणजे त्यातही मीच. आता बांगडा मी आणतो, घरी येऊन अंघोळ करतो, झालं.

दुसरा प्रश्न अवघड आहे. नसबंदी म्हणजे देवाच्या सृष्टीत ढवळाढवळ नाही का? मला याचं पुरतं उत्तर सापडलेलं नाही. पिंजऱ्यातलं मांजर माझ्याकडे बघतं तेव्हा मी नजर फिरवतो. पण एवढं दिसतं की आपण ढवळाढवळ आधीच केलेली आहे. आपण कचरा उघडा टाकला, आपण पार्किंग बांधलं, आपण वाटीत दूध ओतलं, आपण पोतं आणलं. त्यातून जन्मलेल्या पिल्लांच्या बाबतीतच 'देवाची इच्छा' म्हणून हात झटकणं, हे मला आता जमत नाही. शस्त्रक्रियेनंतर बोका एका दिवसात हिंडायला लागतो, मांजरीला तीन-चार दिवस सांभाळावं लागतं. ते दिवस मी तिला माझ्या बाल्कनीत ठेवतो. पहिल्याच मांजरीने मला चांगलं ओरबाडलं. (ओरखडा आला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा. भक्ती वगैरे नंतर.)

सात महिन्यांत चौदा झाली. बोक्यांची रात्रीची युद्धं जवळजवळ थांबली, वास बराच कमी झाला. या वर्षी पावसाळ्यात एकही पिल्लू जन्मलं नाही. आजींना त्याचं वाईट वाटलं, आणि त्यांचं वाईट वाटणंही खोटं नाही.

काका अजूनही मांजराला हात लावत नाहीत. जिन्यात एखादं दिसलं की काठी आपटतात. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो आणि ते पर्सनलवर पाठवलेले श्लोक, ती भाषा, त्याबद्दल माफी मागितली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "अरे, ते मी वाचलेच नाहीत. तुझा आवाज मी बंद करून ठेवलाय गेल्या वर्षीपासून." मग चहा झाला. क्षमी हा शब्द श्लोकात शेवटी येतो. मी इतके दिवस समजत होतो की तो माझ्यासाठी आहे, मी लोकांना क्षमा करायची आहे.

तिरंगीबद्दल मला कुणी क्षमा करू शकत नाही, कारण जिने करायची ती कुठे आहे ते मला माहीत नाही. हरिपाठ अजूनही रोज म्हणतो. गाडीत मात्र लावत नाही.

उद्या चौदावा श्लोक, त्यात दृढनिश्चय हा शब्द आहे. आमच्याकडे अजून दोन बोके आणि एक भित्री करडी मांजरी राहिली आहे. ती तीनदा पिंजऱ्याशी येऊन परत गेलीय. आज रात्री पुन्हा लावतोय. आली तर रात्री तिला काही खायला द्यायचं नाही, सकाळी दवाखाना. काकांनी एक जुनी चादर काढून ठेवलीय. पिंजऱ्यावर टाकायला. अंधार केला की मांजर गप्प बसतं म्हणे.

राम कृष्ण हरी.